बंडी न काढणारा पैलवान

आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, तरुणपणी तालमीतले. कोपरगावच्या बाजूला आमचा ऊस आणि उसाच्या कडेला मोटारीच्या पाण्याचा हौद. त्या हौदावर चारचौघांत उघड्या अंगानं आंघोळ करणं हा त्यांचा रोजचा थाट. चाळिशी उलटली तरी छाती काढूनच चालायचे. "आधी छाती पोचती, मग तुमी," असं मी चिडवायचे. त्यांना ते फार आवडायचं.

मग हृदयानं दगा दिला. चार पावलं टाकली की धाप लागायची, उताणं निजवायचं नाही, पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या. त्या पुऱ्या पडेनात, तेव्हा आणखी एक नवी गोळी जोडली. मला त्यांनी समजेल असं सांगितलं. अंगात एक रस असतो, तो मीठ आणि पाणी धरून ठेवतो. ही गोळी त्या रसाला अडवते, मग साठलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. नंतर मालकांना एकट्याला पडद्याआड नेऊन ते काहीतरी बोलले.

"काय म्हनले?" ते बाहेर आल्यावर मी विचारलं.

"काय न्हाई. मीठ कमी खा म्हनले."

गोळीनं गुण आला. पायात पुन्हा वहाण जाऊ लागली, मळ्यात फेऱ्या सुरू झाल्या. मी देवापुढे साखर ठेवली. पण पावसाळा सरता सरता माणूस बदलला. हौदावर बंडी घालून आंघोळ करू लागले. मला पाठ चोळू देईनात. गोळी दिली की "मळ्यात घेतो" म्हणून खिशात टाकायचे. दसऱ्यानंतर पाय परत सुजले आणि ते भिंतीला टेकून बसून झोपू लागले. गोळीची ताकदच संपली, असं मला वाटलं. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर दिवाळी होऊ दे म्हणाले. मी फार घाबरले होते. घाबरले की मी ओरडते, तशी दिवसभर त्यांच्यावर ओरडत होते.

पाडव्याला आमच्यात बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते, मग ओवाळते. मालक पाटावर बसले ते बंडीसकट.

"काढा की ती."

"ऱ्हाऊ दे. वरनंच लाव."

"बंडीला उटणं लावू व्हय?" म्हणत मी ती सरळ वर ओढली.

त्यांनी दोन्ही हात छातीवर आडवे धरले. मी ते हळूच बाजूला केले. छाती दोन्हीकडून बाईसारखी फुगली होती.

"हात नको लावू, दुखतं," ते खाली बघत म्हणाले. "डॉक्टर बोलला हुता. या गोळीनं बाप्याची छाती कधीमधी अशी हुती. आजार न्हाई, पन तरास झाला तर मला सांग, गोळी आपल्या मनानं सोडू नको म्हनला. मी पाटाच्या पान्यात टाकल्या समद्या. या छातीवर लोकांनी गुलाल उधळलाय गं. त्यापरीस मेलेलं बरं."

मला इतका राग आला की तेलाची वाटी आपटावीशी वाटली. पण त्यांची मान वर होईना. त्या क्षणी मला त्यांची जेवढी माया आली, तेवढी लग्नाच्या मांडवातही आली नव्हती. दुखऱ्या जागेच्या कडेकडेनं मी तेल लावलं, ऊन पाणी घातलं, अंग पुसलं.

ओवाळून झाल्यावर ते ताटात नवं लुगडं ठेवायला लागले. मी ताट मागे घेतलं. डब्यातली गोळी त्यात सुपारीशेजारी ठेवली होती.

"लुगडं नको. ही माझ्यासमोर गिळा, हीच माझी ओवाळनी. उद्या डॉक्टरकडं मी येते संगं. तुमाला लाज वाटली तर मी सांगते त्यांना."

"आन लोक हसले म्हंजी?"

"हसू द्या. मला तुमी पायजे."

मग त्यांनी गोळी उचलली, पाण्याबरोबर गिळली आणि खरंच गिळली हे पटावं म्हणून लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवली. मला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं. हातात पेटत्या निरांजनाचं ताट होतं, म्हणून माझे डोळे त्यांनीच पुसले.