आप्पांचा रविवार

आमचे आप्पा रविवारी शेतातल्या काडीलाही हात लावत नसत. निपाणीच्या तंबाखूच्या मुलखात लोक त्यांना 'रविवारआप्पा' म्हणत, आणि त्यांना त्याचा राग यायचा नाही. सहा दिवस ते शेतकरी. सातव्या दिवशी शेजारच्या गावातल्या सहा-सात ख्रिस्ती घरांचे उपदेशक.

आई कसली विवंचना करू लागली की म्हणायचे, "पोटाची काळजी कराय त्यो बसलाय की वर. आपण कशाला त्येच्या कामात हात घालायचा?" आई हसायची, पण पिठाचा डबा खरवडायची वेळ तिच्यावरच यायची. स्वतःचा अंगरखा फाटलाय याचा आप्पांना पत्ता नसे. उपासनेची पितळी घंटा मात्र चिंचेनं घासून लख्ख ठेवीत.

तंबाखूचा पाला कापून रानातच वाळत टाकतात आणि पहाटे दंवानं मऊ झाला की उचलतात. ऊन चढल्यावर हात लावला तर चुरा होतो. जर्मनच्या लढाईच्या दिवसांत एकदा पाला उचलायला आला आणि शनिवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं. वर्षाचं पीक उघड्यावर. आई छातीच्या दुखण्यातून नुकतीच उठली होती.

ती म्हणाली, "अवो, एवढ्या डाव उचलूया की. देव काय रागावतोय?"

"देव रागवत न्हाय गं. पर आज पाला, उद्या दुसरं कायतरी निघंल. मग त्येच्यासाठी दिवस कुठला ऱ्हातोय?"

पहाटे आप्पा मला घेऊन उपासनेला गेले. आई एकटीच रानात गेली. आम्ही परतलो तेव्हा सगळा पाला खोपीत रचलेला होता आणि ती दंवानं भिजलेल्या लुगड्यानं दाराशी खोकत बसली होती. पाऊस आलाच नाही. सहाव्या दिवशी आई गेली.

लगेच आलेल्या रविवारीही आप्पा उपासनेला उभे राहिले. गीत म्हणताना आवाज फुटेना, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ हलवत राहिले. मला त्यांचा भयंकर संताप आला. तो मी वीस वर्षं जपला, आणि त्यांना वेळेवर भाकरीही वाढली.

शेवटच्या आजारात त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी पाला उचलला असता तर ती ऱ्हायली असती न्हवं गं?"

'नाही' म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. मी "व्हय" म्हणाले. बोलून मन हलकं होईल असं इतकी वर्षं वाटत होतं. झालं नाही. आप्पांनी नुसती मान हलवली.

पुढचा रविवार आला. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही, मलाही म्हणू दिली नाही. मंगळवारी ते गेले.