मान पातळ, मुंडकं जड

नणंदेच्या बाळाचं बारसं होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी मी भाकरी थापत होते, शेजारच्या चुलीवरचं दूध वर येत होतं, आणि हात पिठाचे म्हणून मी त्याच्याकडे नुसती पाहत होते. तेवढ्यात कडी वाजली. पाच-सहा वेळा, दणादणा. पाहुणा अशी कडी वाजवत नाही. मी दाराकडे धावले आणि दूध उतू गेलं.

दारात अनसिंगचे उकंडराव. पहाटेच्या गाडीनं आलेले, पायांत वहाणा नाहीत, काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी सपाट.

हा माणूस आधी कापसाच्या जिनात इंजिनाला तेल घालायचा. इंजिनाच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि मालकानं दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. उरलेल्या आठ बोटांनी अकोल्याच्या एका घड्याळजीकडे ते फोनो, म्हणजे तबकडीचा बाजा, दुरुस्त करायला शिकले, आणि लोक त्यांनाही घड्याळजीच म्हणू लागले. कुठलाही फोनो पुढ्यात आला की आधी चावी द्यायचे नाहीत. ज्या नळीच्या टोकाला सुईची गोल डबी बसते ती नळी करंगळीवर उचलून तोलायचे. नळीला ते मान म्हणत, डबीला मुंडकं. मान पातळ असेल तर मुंडकं हलकंच हवं, यावर त्यांनी पाटला-देशमुखांशीही भांडणं केली होती.

"साहेब हायेत?" त्यांनी विचारलं.

"अंघोळीला गेलेत. बसा ना, चहा ठेवते."

"चहा नाई पाह्यजे, वयनी. तुमचा बाजा काढा."

त्यांनी फडकं सोडलं. आत रूपाबाईची तबकडी होती. मानोऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावरची ही बाई एकदा नागपूरला जाऊन दोन गाणी तबकडीत भरून आली होती. पुढे खोकल्यानं तिचा गळा गेला. तिच्याकडे फोनो नव्हता, म्हणून दर बाजारच्या दिवशी उकंडराव मानोऱ्याला तिचीच गाणी तिला ऐकवत. आमच्या बारशासाठी ती तबकडी त्यांनी तिच्याकडून शब्दावर मागून आणली होती.

काळी कुळकुळीत होती ती तेव्हा. आता अर्धी राखेसारखी करडी पडली होती.

उकंडरावांनी आमच्या फोनोला त्याची मूळची हलकी डबी लावली, सुई नवी घातली आणि तबकडी सोडली. आधी खरखर आली. मग रूपाबाईचा आवाज आला, कुणीतरी तोंडावर कांबळं टाकल्यासारखा. दुसऱ्या ओळीत तो तुटला, आणि पुढे नुसतं घासणं.

"आयकलं?"

मी मान खाली घातली. मला सगळं आठवत होतं. बारशाला पुरुष बैठकीत फोनोपाशी आणि आम्ही बायका आत पाळण्यापाशी. आत काही ऐकू येईना. मीच दाराआडून निरोप पाठवला, आवाज मोठा करा. ह्यांनी शेजारच्या सावकारांच्या कपाटाएवढ्या फोनोची मोठी जड डबी मागवली. ती आमच्या पातळ नळीवर बसेना, तर भोवती चिंधी गुंडाळून दाबून बसवली. उकंडराव उठून उभे राहिले होते. "वकीलसाहेब, हे मुंडकं या मानेचं नाई. सुई उभी बसून राह्यली. तबकडी खाईन थे!"

"घड्याळजी, तुम्ही लाडू खा," हे म्हणाले. बैठक हसली. आत आम्हीही हसलो. मी जरा जास्तच. मग तेच गाणं सात वेळा वाजलं. सुईखाली करडी भुकटी साचत होती आणि आम्ही वाहवा करत होतो.

"आन काल कोर्टात साहेब काय म्हनले ठावं हाये?" उकंडरावांचा आवाज चढला. "म्हने, अनसिंगच्या घड्याळजीनं झिजकीच तबकडी आनली होती! मी मानोऱ्याले पोचाच्या आधी हे बोलनं तिथं पोचलं. तांड्याचा नाईक धनसिंग मले म्हनते, उकंडराव, आमच्या बाईचा गळा तुमी खाल्ला."

हे पंचा गुंडाळून बाहेर आले. "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी सकाळी सकाळी तमाशा? नवी मागवून देतो."

"मांगवा! कुठून मांगवता? कंपनीकडं एकबी उरली नाई, मी मांगंच पत्र टाकून इचारलं होतं. रूपाबाईले पुन्हा गानं गायाले लावता का?"

हे पंच्याची गाठ आवळत पाठ फिरवून आत निघाले. मला त्या पाठ फिरवण्याचा इतका राग आला की पदराला पिठाचे हात पुसत मी ह्यांना म्हणाले, "आवाज मोठा करा असं मी सांगितलं होतं. आणि चिंधी तुम्ही गुंडाळली. यांनी अडवलं होतं आपल्याला, सगळ्यांदेखत."

"तू आत जा," हे म्हणाले.

मी गेले नाही.

उकंडरावांनी तबकडी पुन्हा फडक्यात बांधली. दोन बोटं नसलेल्या हाताला गाठ लवकर जमेना; मी पुढे झाले तर त्यांनी हात मागे घेतला. स्वतःच बांधली. मग माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाले, "वयनी, मी सांगतलं तं बहाना वाटते. बाजारच्या दिवशी माह्यासंगं मानोऱ्याले या, आन रूपाबाईले तुमच्या तोंडानं सांगा, का थे मुंडकं उकंडरावानं बसवलं नव्हतं."