जिना उतरणारी गाडी

माझं काम मशीन हलवायचं. स्टेशनवर, इस्पितळात, हॉस्टेलांत थंड बाटल्या आणि चिप्सची पाकिटं देणारं उंच काचेचं मशीन असतं ना, ते जागेवर पोचवायचं आणि बिघडलं की उचलून आणायचं. बनारसमधल्या एका एजन्सीत मी हे बरीच वर्षं केलं. एक टेम्पो, चार माणसं आणि मी. नात्यातल्या बायका विचारायच्या, तू नक्की करतेस काय? मी सांगायचे, हमाली. मग पुढचा प्रश्न यायचा नाही.

सपाट जमिनीवर मशीन हलवायला पंप मारायची ट्रॉली पुरते. जिन्यासाठी आमच्याकडे वेगळी गाडी होती. उभी लोखंडी चौकट, मशीन टेकवायला खाली जाड पत्रा, दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांचे गुच्छ. बॅटरीवर ते गुच्छ फिरायचे आणि गाडी एकेक पायरी उतरायची. माणसं तिला 'सीढ़ीवाली' म्हणत. मशीनला आधी कांबळं गुंडाळायचं, मग पट्टे आवळायचे. आणि काही झालं तरी आडवं करायचं नाही. आडवं केलं की आतलं तेल नको त्या नळीत शिरतं आणि मशीन गार करेनासं होतं. म्हणून प्रत्येक वळणावर चौघांमधला मुकादम ओरडायचा, "खड़ा रखो, लिटाना नहीं!" त्याची ती सवयच झाली होती.

घरी मी आणि अण्णा, माझे वडील. दूधविनायकाजवळच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई लवकर गेली होती. अण्णा याज्ञिकी करायचे. माझ्या कामाची त्यांना लाज नव्हती, उलट गंमत वाटायची. म्हणायचे, "तुझ्या मशीनमध्ये पैसे टाकले की फळ लगेच खाली पडतं. आमच्या धंद्यात एवढी गॅरंटी नाही बघ."

जन्मभर त्यांनी रोज ब्रह्मा घाटावर गंगेत स्नान केलं. तिथंच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही परत उभे राहिले नाहीत. इस्पितळातून आणलं तेव्हा गल्लीतल्या चौघांनी त्यांना खाटेवर घालून वर चढवलं. अण्णांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. वर आल्यावर म्हणाले, "हे आता पुन्हा नको. चौघांनी मला उचलायचं ते एकदाच."

मग ते वरच राहिले. मी बादलीत गंगाजल मिसळून अंघोळ घालायचे. ते नुसते "हं" म्हणायचे. नदी गल्लीच्या तोंडाशी होती आणि त्यांना ती दिसत नव्हती. जेवण कमी झालं, चेष्टा बंद झाली. खाटेवरून नेऊ का, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. "जिवंतपणी नाही," एवढंच उत्तर यायचं. मी चिडायचे. मग चिडायचंही सोडून दिलं. कामावर जायचं, यायचं, वरण-भात लावायचा. काही वाटेनासं झालं होतं.

एका रविवारी मी सीढ़ीवाली घरी आणली. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. घर आणि काम मी डोक्यात वेगळं ठेवलं होतं. मुकादमाने पत्र्यावर आमची लाकडी खुर्ची बांधली, अण्णांना बसवलं आणि हाताच्या सवयीनं त्यांना कांबळंही गुंडाळून टाकलं. वर पट्टा.

"काय रे, मी काच आहे का?" अण्णा म्हणाले.

"पंडितजी, उससे महँगे हैं," मुकादम म्हणाला.

गाडी खडखड करत उतरली. वळणावर तो ओरडलाच, "खड़ा रखो, लिटाना नहीं!" अण्णा हसले. कित्येक महिन्यांनी हसले. गल्लीतून घाटावर आणि घाटाच्या पायऱ्यांवरून थेट पाण्यापर्यंत गाडीनं त्यांना नेलं. मी त्यांच्या अंगावर तांब्यानं पाणी घातलं. मग त्यांनी स्वतः ओंजळ भरली, आणि मला हुंदका आला. अण्णा म्हणाले, "गणपतीला उंदीर, मला ही. चालेल."

त्यानंतर दर रविवारी. एजन्सीच्या मालकानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. अण्णा शनिवारपासूनच विचारायचे, "उद्या माझं वाहन रिकामं आहे ना?"

थंडीत एका रविवारी मी गाडी वर आणून ठेवली, बॅटरी तपासली आणि त्यांना हाक मारली. ते झोपेतच गेले होते. अंग गार होतं. मी हातातले पट्टे गुंडाळून गाडीवर ठेवले.

इथल्या मराठी समाजातली जी मंडळी आली ती सगळी सत्तरीच्या पुढची. मुलं पुण्याला, बंगळूरला. तिरडी खाली गल्लीत बांधली होती, पण तिथवर नेणार कोण? कुणीतरी गाडीकडे पाहून म्हणालं, "ही आहे की. बसवून नेऊ." मी नाही म्हटलं. चौघं हवेत, म्हटलं, आणि बातमी कळताच आलेल्या माझ्या चार माणसांकडे पाहिलं. मंडळींपैकी एका काकांनी तोंड उघडलं, मग मिटलं. माणसांनी चपला काढल्या.

चादरीत घेऊन ते उतरू लागले. मी मागून. रडू येत नव्हतं, पायऱ्या नीट दिसत होत्या, हात कुठं लागतोय याकडेच लक्ष होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चादर अडली. मुकादम पुढून ओरडला, "खड़ा रखो, लिटाना नहीं!" आणि चौघांनी एकदम अण्णांना उभं केलं. त्यांची मान पुढे पडली.

मुकादमाच्या लक्षात आलं. तो माझ्याकडे बघत राहिला, तोंडावर हात ठेवून.

मी कामावरच्या आवाजात म्हटलं, "लिटा दो, भैया. अब कुछ नहीं बिगड़ेगा."

त्यांनी अण्णांना आडवं केलं आणि वळण सुटलं. चौघांनी त्यांना एकदाच खाली नेलं.

गाडी वरच राहिली होती. ती आणायला मी परत चढले. रिकाम्या गाडीला माणसं लागत नाहीत, मी एकटीनं ती जिना उतरवली. ती जड लागली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हलकी होती.