चौसिकुआजीचे अडीच दात

चौसिकुआजीच्या तोंडात अडीच दात उरले होते. खाली दोन, आणि वर एक अर्धा, तोही आज आहे तर उद्या नाही अशा बेताचा. बाकीचे कंद सोलण्यात आणि हाडं फोडण्यात झिजून गेले. आपलं वय किती हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. एयासी सरोवराच्या वरच्या खडकाळ उतारावर हाद्झा या शिकारी जमातीची पाच-सहा गवती खोपटं होती, त्यातलं सगळ्यात लहान तिचं. शेजारचं लेकीचं आणि सागिरो जावयाचं.

दात गेले तरी हात शाबूत होते. रोज सकाळी टोकदार काठी घेऊन ती बायकांबरोबर निघायची आणि दगडांखालून असे कंद उकरून काढायची की तरण्या बायकांनी बघत राहावं. ते खाणं मात्र तिच्या नशिबी नव्हतं. हा कंद म्हणजे जवळजवळ लाकूडच. भाजायचा, चघळायचा, रस गिळायचा आणि चोथा थुंकून टाकायचा. चघळायला दाढा लागतात. त्यामुळे गेली काही वर्षं आजी मक्याच्या पिठावर जगत होती. कधी उगालीचा मऊ गोळा, कधी नुसती पेज. पीठ कधी मिशनवाले देत, कधी मधाच्या बदल्यात खालच्या गावातून येई.

अशात ब्रेंट आला.

ब्रेंट अमेरिकेचा. आदिमानवासारखं खा म्हणजे ठणठणीत राहाल, हे लोकांना शिकवून त्याचं उत्तम चाललं होतं. धान्य विष, शेंगा-डाळी विष, साखर तर विचारूच नका. दहा हजार वर्षांपूर्वी माणूस शेती करायला लागला आणि तिथेच सगळा घोटाळा झाला, असं त्याचं ठाम मत होतं. शेती नसती तर विमान कुठून आलं असतं आणि हा गृहस्थ इथवर कसा पोचला असता, हे त्याला कुणी विचारलं नसावं. जगातलं सगळ्यात शुद्ध जेवण कॅमेऱ्यात पकडायला तो पंधरा दिवसांसाठी आला होता. बरोबर खालच्या गावचा पास्काली, वाटाड्या आणि दुभाष्या.

पास्कालीनं अट समजावून सांगितली. पंधरा दिवस वस्तीत मका, साखर, चहा, घेवडा काही म्हणता काही दिसता कामा नये. जे रानातलं तेच खायचं. एवढं पाळलं तर शेवटी चार पोती बक्षीस. कशाची, असं सागिरोनं विचारलं. मक्याच्या पिठाची, असं पास्कालीनं मान खाली घालून सांगितलं, आणि पुरुष हसून हसून आडवे झाले.

चौसिकु हसली नाही. चार पोती म्हणजे पाऊस लागेपर्यंतची पेज, हे तिला कळत होतं. पण तोवरचे पंधरा दिवस तिला काढायचे होते, आणि तेही अडीच दातांनी. गोरखचिंचेचा गर पाण्यात कालवून पिता आला असता, पण जवळच्या झाडांची फळं वानरांनी कधीच संपवली होती. तिनं उरलेलं पीठ हरणाच्या कातड्याच्या पिशवीत भरलं आणि अंथरुणाखाली सारलं. ब्रेंटची तिला लाज नव्हती. शेजाऱ्यांची होती. त्या वस्तीत दिसलेली वस्तू मागितली की द्यावी लागते, आणि लपवून खाणाऱ्याला लोक फार वाईट हसतात.

चित्रण सुरू झालं. ब्रेंटनं सागिरोला विचारलं की तुमच्या खाण्यात मांस किती असतं.

"शिकार मिळाली त्या दिवशी सगळं मांसच," सागिरो म्हणाला. "नाही मिळाली त्या दिवशी काहीच नाही."

ब्रेंटला आकडा हवा होता. सरासरी सांगा म्हणाला. सागिरोनं पास्कालीला विचारलं की सरासरी हे कुठलं जनावर. त्यानंतर सहा दिवस पुरुष रिकाम्या हातानं परत येत राहिले आणि दुपारी झाडाखाली बाण पणाला लावून जुगार खेळत राहिले. ब्रेंट तंबूत बसून पाकिटातलं वाळवलेलं मांस आणि भाताऐवजी किसलेला फ्लॉवर खात राहिला. त्याच्या आदिमानवाला फ्लॉवर कुठल्या रानात मिळत होता, ते तोच जाणे.

सातव्या दिवशी सागिरोला मधाचं पोळं सापडलं. मग काय, मेण, अळ्या, मध, सगळं एकदम. हनुवटीवरून ओघळेपर्यंत सगळ्यांनी चापलं. चौसिकुच्याही वाट्याला दोन बोटं मध आला. ब्रेंटनं मात्र कॅमेरा बंद केला. त्याच्या पुस्तकात गोड वर्ज्य होतं. रानाला त्याचं पुस्तक वाचता येत नव्हतं, त्याला रान काय करणार.

त्याचा जीव जडला होता चौसिकुवर. सत्तरीची बाई दगड उलथते, एक औषध नाही, एक तक्रार नाही! रोज तो तिचं चित्रण करायचा आणि काय खातेस म्हणून विचारायचा. ती कंदाकडे बोट दाखवायची. दुपारी खोपटात जाऊन मूठभर पीठ पाण्यात कालवून कच्चंच गिळायची, कारण चूल पेटवली असती तर वास सुटला असता. रोजच्या खोट्याचा तिला आता संताप येऊ लागला होता.

मग ब्रेंटनं चोथा गिळला. बायकांनी थुंक म्हणून खुणा करकरून सांगितलं. हा म्हणाला, तंतू आतड्याला चांगले, आपले पूर्वज काही वाया घालवत नसत. दोन दिवस त्यानं भाजलेला कंद चोथ्यासकट गिळला. तिसऱ्या दिवशी पोटाचा नगारा झाला, वर काही थांबेना आणि खाली काही सरकेना. वस्तीनं त्याचं नाव चोथागिळ्या ठेवलं आणि आपापल्या कामाला लागली.

दुपारी चौसिकुनं तंबूत डोकावलं. पाय पोटाशी घेऊन तो कुशीवर पडला होता आणि बारीक आवाजात कण्हत होता. तिची आई शेवटी अशीच पडायची. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. मग स्वतःलाच एक शिवी हासडून खोपटात गेली, पिशवी काढली आणि सगळ्यांदेखत चूल पेटवली.

वास सुटायचा तो सुटलाच. शेजारणी आल्या, पिशवीकडे बघून काय हसायचं ते हसल्या आणि एकेक वाडगा पेज घेऊन गेल्या. पिशवी रिकामी झाली. उरलेली पातळ पेज आजीनं ब्रेंटला घोट घोट पाजली, आणि उन्हं कलायच्या आत चोथागिळ्या जो उठला तो झुडपाआड पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कॅमेरा लावला. चेहरा नुकतं देवदर्शन झाल्यासारखा. ज्या प्राचीन रानमुळीनं आपल्याला वाचवलं, तिचं नाव त्याला आजीच्याच तोंडून हवं होतं.

सागिरोनं सासूकडे असं बघितलं की चार पोती त्याच्या डोळ्यांत उभी होती.

"आजी, कुठल्याही मुळीचं नाव घे," पास्काली हळूच म्हणाला. "पुढचं मी ठोकून देतो."

चौसिकु उठली, रिकामी पिशवी आणून ब्रेंटच्या तळहातावर झटकली. पांढरं पीठ पडलं.

"मका आहे म्हणावं," ती म्हणाली. मग कॅमेऱ्यापुढे जाऊन तिनं तोंड आ वासून उघडलं आणि बोट घालून हिरड्या दाखवल्या. "आणि हे घे म्हणावं तुझ्या पेटीत. माझ्या आईचंही असंच झालं होतं. तेव्हा पीठ नव्हतं. मी तिला मांस चावून भरवायची. मग मी तापानं पडले. आठ दिवसांनी उठले तोवर आई गेली होती. ती सगळं रानातलंच खायची, एकदम शुद्ध."

पास्कालीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीही न गाळता भाषांतर केलं. ब्रेंटनं हात विजारीला पुसला, कॅमेरा बंद केला आणि दोन दिवस आधीच गाडीत बसला.

सागिरो भांडला नाही. हाद्झा भांडत बसत नाहीत, उठतात आणि दुसरीकडे खोपट घालतात. त्यानं बायकोसकट टेकडीपल्याड मुक्काम हलवला. लेक जाताना मागे वळून बघत राहिली. त्या महिन्यात चौसिकु गोरखचिंचेच्या शोधात लांब लांब चालली आणि काठीसारखी वाळली. पण आपण बोललो त्याचा तिला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

महिन्यानं पास्काली गाडी घेऊन आला. गाडीत चार पोती होती. करार पाळला गेला असं साहेबांनी कळवलंय, असं तो म्हणाला, आणि जरा ओशाळून त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर चौसिकु होती. तोंड आ वासलेलं, बोट हिरडीवर, ओठ हलतायत, पण आवाज तिचा नाही, नुसती बासरी. पास्कालीनं खालची अक्षरं वाचून दाखवली: धान्य नाही, साखर नाही, आणि सत्तरीत हे असं हसू.

संध्याकाळपर्यंत सागिरोचं बिऱ्हाड परत आलं. त्याला पिठाचा वास टेकडीपल्याड लागला असावा. लेकीनं उगाली घाटून पहिला गोळा आईपुढे ठेवला. चौसिकुनं तो अडीच दातांनी सावकाश संपवला, बोटं चाटली, आणि असा अजून कुणी यायचाय का म्हणून विचारलं.

पास्काली म्हणाला, "दोघं विचारतायत, आजी. पुढच्या महिन्यात. नाही म्हणून कळवू?"

"येऊ दे," चौसिकु म्हणाली. "पण पोती आधी उतरवून घे. तोंड मी नंतर उघडेन."