पुष्पीची हिस्टरी

माझी लहान बहीण पुष्पलता, आमची पुष्पी. तिले कोणी चार गोष्टी विचारल्या का लय आवडे. पण सक्करदऱ्याच्या सासरी तिले विचारे कोण? नवरा आला का "जेवाले वाढ", पोरं आले का "डबा दे". बाई जिना चढता चढता मधातच बसून राहे, तरी एकानं म्हटलं नाही का काहून बसली वं.

अन् दवाखान्यात, बाप्पा! डॉक्टरी शिकणारे पोट्टे-पोट्टी तिच्या खाटेभोवती उभे. "काकू, काय होतंय? केव्हापासून? झोपताना उशा किती लागतात?" पुष्पी फुलून जाये. हृदयाची एक झडप आखडली होती तिची. छातीतला आवाज शिकाले चांगला, म्हणून पोट्ट्याईची परीक्षा आली का वॉर्डातून फोन येई अन् पुष्पी पिशवी भरून तयार, जशी माहेरीच चालली.

पोट्ट्याईले शिकवे बी. "मले डाव्या कुशीवर वळव, मंग ऐक. अन् लहानपणीचा सांध्याचा ताप विचारलाच नाही तू! सर तिथंच पकडतेत." चुकलं का पुन्हा पहिल्यापासून विचाराले लावे. मी म्हणो, "बह्याड, तुह्या झडपेच्या ऑपरेशनचं कोणी विचारते का?" तर म्हणे, "परीक्षा झाली का करतो म्हणतेत वं." अशा किती परीक्षा आल्या न् गेल्या.

मागच्या खेपेस तिच्या वाट्याले केयूर आला. सदर भागातला, गोड बोलणारा, पहिले एकदा नापास झालेला. मले व्हरांड्यात काढलं होतं. दुपारी डबा घेऊन आत गेली तर पुष्पी हासून राहिली. "पोट्टा पास होते वं बाई." मंग भात कालवता कालवता सांगतलं, सकाळी चहा घेताना उजवा हात एकदम मेल्यासारखा झाला, कप सुटला, जीभ बी अडखळली. थोड्या वेळानं सारं ठीक. तिनं केयूरले हे सांगतलं तर त्याचं तोंडच उतरलं. "काकू, आता बरं आहे ना? मग सरांसमोर हे नका ना सांगू, प्लीज. मी याची तयारीच केलेली नाही. माझी केस बिघडेल."

त्याची केस! माय वं! छाती हिची, हात हिचा, अन् केस त्याची.

मोठ्या डॉक्टरनं विचारलं होतं, "बाई, अजून काही त्रास?" पुष्पी म्हणे, नाही.

"काहून वं?" मी ओरडलीच.

"पोट्ट्याचं नुकसान काहून करू? संध्याकाळच्या राउंडले सांगतो ना."

मी तशीच नर्सकडे धावली. नर्स म्हणे, "परीक्षा चालू आहे, डॉक्टर सगळे तिकडेच आहेत. जुनी पेशंट आहे, आम्हाला माहीत आहे तिचं."

राउंडच्या आधीच पुष्पी उजव्या अंगानं लुळी पडली. हृदयातली रक्ताची गुठळी मेंदूत गेली म्हणे. सकाळीच सांगतलं असतं तर काही करता आलं असतं, हे बी डॉक्टराईनंच सांगतलं, मागून! जीव वाचला, बोलणं गेलं. केयूर पास झाला. तोंड दाखवाले आला नाही, आला असता तर पायातली काढली असती मी.

आता पुन्हा परीक्षा आली. ऑपरेशनचं या खेपेस नक्की पाहू म्हणाले, म्हणून घेऊन गेली तिले. वैदेही नावाची पोट्टी खाटेजवळ बसली. "काकू, काय होतंय तुम्हाला?"

पुष्पीचा चेहरा पहिल्यासारखाच उजळला. तोंड उघडलं. "धा... धा..." धाप लागते, हे तिचं नेहमीचं पहिलं वाक्य. तेवढंच आलं.

पोट्टी माझ्याकडे वळली. "या केव्हापासून बोलत नाहीत?"

"परीक्षेपासून," मी म्हटलं.

"तसं नाही मावशी, तारीख सांगा."

मी तारीख सांगून राहिली, तर इकडं पुष्पीनं डाव्या हातानं खाटेची दांडी धरली. लुळं अंग ओढत ओढत, पोट्टीले नीट ऐकू यावं म्हणून, आपली आपणच डाव्या कुशीवर वळली.