साडूंची वाहवा

बोईसरला कारखाने ढिगाने असतील, पण ब्लूग्रास गाणारा माणूस तिथे एकच आहे आणि नेमका तोच माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगरी मुलखातलं गाणं; मेंडोलिन, बेंजो आणि नाकात चढणारा उंच सूर. साडू मूळचे सांगलीचे, नोकरी रसायनांच्या कारखान्यात. हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते माझ्या मेव्हणीलाही सांगता येत नाही. ती गाणी ते मराठीत आणतात, त्यामुळे त्यांचा नायक प्रेमभंग झाला की केळवे रोड स्टेशनला उतरतो.

रेकॉर्डिंग बोईसरजवळच्या बेटेगावला त्यांच्या गच्चीवर चालतं. माइक एकच, ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं, आणि कापाकापी, जोडाजोडी अजिबात नाही. "त्या लोकांची रीतच आहे ती," साडू बजावतात. बेंजोला जवळच्याच नवापूरचे एक दादा असायचे, लग्नाच्या बेंजो पार्टीतले. उभा जन्म वरातीत गेलेला. पाळी आली की गळ्यातला बेंजो वाजवत माइकपर्यंत येत आणि तसेच वाजवत पुढे पाण्याच्या टाकीकडे निघून जात. मेव्हणी त्यांना सदऱ्याला धरून परत आणायची.

पण रेकॉर्डिंगचे खरे शत्रू साडू स्वतः. दादांचा हात रंगला की सगळे नियम गुंडाळून "वाहवा!" म्हणून ओरडायचे. की पुन्हा पहिल्यापासून.

मग दादांचं मुलाकडे गुजरातला कायमचं जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांचं एक तरी निर्मळ रेकॉर्डिंग हवं, या ध्यासाने साडूंची झोप उडाली. उपाय मेव्हणीने काढला. साडूंचं कडवं संपताच तिने त्यांच्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू कोंबला. दादा झकास वाजवत होते, गच्ची चिडीचूप. दादांनी साडूंकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"भाऊ, मी कुटं चुकलो काय?"

साडूंच्या तोंडात लाडू, डोळ्यांत पाणी, मान नुसती नाही-नाही हलतेय.

"तुमी ओरडला नाय, तं माजा हातच चालत नाय," दादा म्हणाले.

लाडू गिळून झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. साडू मनसोक्त ओरडले, मेव्हणी ओरडली, मीही ओरडलो. तेच रेकॉर्डिंग साडूंनी दादांना दिलं.

आता पालघरचे एक गिटारवाले मास्तर येतात. चांगले वाजवतात. साडू गप्प उभे असतात आणि रेकॉर्डिंग पहिल्याच फटक्यात निर्मळ होतं. आम्हाला कुणालाच ते ऐकवत नाही.