रेडिओच्या वाट्याचं पाणी

आमच्या रेडिओला रोज तांब्याभर पाणी लागायचं. हसू नका, खरंच लागायचं. जुन्या रेडिओला मागून एक तार असायची, ती अंगणात मीठ-कोळसा घालून पुरलेल्या लोखंडी नळीला जोडलेली. तिला अर्थिंग म्हणायचे. तिथली जमीन ओली असली की आवाज स्वच्छ, वाळली की नुसती खरखर. आणि जमीन ओली ठेवायचं काम सुनेचं, म्हणजे माझं. सांजच्या बातम्यांच्या आधी तांब्याभर पाणी, देवापुढं दिवा लावावा तसं.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि तो तांब्या जड झाला. आमचं गाव उदगीरच्या बाजूचं. विहिरीत माणूस सोडून वाटी-वाटीनं घागर भरायची, बाया वर उन्हात उभ्या. त्यातलाही तांब्याभर अर्थिंगला जायचाच, कारण बाजारभाव आणि बातम्या ऐकल्याशिवाय सासऱ्यांना, आमच्या आप्पांना, घास गोड लागत नसे. एक दिवस दुसरी खेप करून आले, अंगणात उभी राहिले, आणि तो तांब्या मीच पिऊन टाकला. सगळा. त्याच सांजेला बातम्या चालू असताना रेडिओतून जळका वास आला आणि तो बंद पडला.

आप्पांनी विचारलं, "सूनबाई, पाणी घातलं होतं का?"

"न्हाई आप्पा. मी पिले."

रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात बातम्या ऐकायला जायला लागले. रेडिओचं काय झालं असं कुणी विचारलं तर हसून सांगायचे, "आमच्या सूनबाईनं त्याचं पाणी पिलं की हो." लोक हसायचे, माझी नणंद हसायची, मीही पदर तोंडाला लावून हसायचे. पण सांजेला ती काठी अंगणातून निघाली की मी उठून चुलीपाशी जाऊन बसायचे. मेकॅनिक बोलवा म्हटलं की आमचे हे म्हणायचे, "आतलं सगळं जळलंय. उघडून काय उपयोग न्हाई." आप्पा गेल्यावर तो रेडिओ ह्यांनीच उचलला आणि थेट नांदेडला नेऊन भंगारात घातला. उदगीर जवळ असून नांदेडला का, हे काही मी तेव्हा विचारलं नाही.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. वाटणीच्या एका कागदासाठी आम्ही दोघं लातूरला खेटे घालत होतो. जुने कागद उस्मानाबादेहून गठ्ठ्यानं आलेले, गठ्ठे अजून सुटायचे, उद्या या, परवा या. त्यात पुन्हा पाऊस नाही. उतरायचो नणंदेकडं. ती लातुरातच भाड्यानं राहायची. तिचा घरमालक म्हणजे जन्मभर वायरमनकी केलेला म्हातारा. त्यानं माडीवर जुन्या विजेच्या वस्तू जमवून ठेवल्या होत्या.

कचेरीतून रिकाम्या हातानं आलो त्या दुपारी नणंद म्हणाली, "वहिनी, वर जाऊन बघा तरी काय काय जमवलंय त्यानं. अण्णा, तूबी जा."

"माझे पाय दुखायलेत," हे म्हणाले.

"वहिनीला काय पाय न्हाईत?"

मग आले मागून.

माडी म्हणजे नुसती धूळ आणि पितळ. फ्यूज बसवायचे चिनीमातीचे कटआउट, काळी गोल बटणं, दोन्ही हातांनी ओढायचे मेन स्विच, पितळी पात्यांचा पंखा. "हा पंखा निजामाच्या काळातला, अक्का," म्हातारा एकेक पुसून दाखवत होता. मला खरं सांगायचं तर खाली बसायचं होतं.

भिंतीला रेडिओ लावलेले. त्यातल्या एकाच्या लाकडावर तीन फिकट पट्टे दिसले आणि मी तिथंच थांबले. आप्पा दर सोमवारी लिंगपूजा झाली की रेडिओलाही भस्माची तीन बोटं ओढायचे. वर्षानुवर्षं ओढून पॉलिश उडालं होतं.

"हा नांदेडच्या भंगारात मिळाला," म्हातारा म्हणाला.

मला राहवलं नाही. "दादा, अर्थिंगला पाणी न्हाई घातलं तर रेडिओ जळतो का हो?"

"जळतो?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं! "खरखर करील अक्का. लई तर स्टेशन धड लागणार न्हाई. जळंल कशाला?"

"मग हा कशानं गेला?"

त्यानं मागचं झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला. "इथं फ्यूजची तार असते, केसासारखी. वीज जादा आली की ती जळून जाते, रेडिओ वाचतो. ह्यात कुण्या दीडशहाण्यानं तारेऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली. ती जळंना, म्हणून आतलं जळालं. मुद्दाम तशीच ठेवलीय. आल्यागेल्याला दाखवतो, बघा म्हणतो अक्कल."

आप्पांपुढं सुपारीचं खांड तोंडात टाकायची कुणाची छाती नव्हती. घरात सिगारेट ओढणारं माणूस एकच, तेही गोठ्यामागं. मी वळून बघितलं. हे पंख्याचं पातं बोटानं फिरवत होते.

तेवढ्यात मालकीणबाईनं पाण्याचे दोन पेले आणून ठेवले, अर्धे-अर्धे. त्या दिवसांत लातुरात पाहुण्याला अर्धाच पेला मिळायचा, कुणी वाईट वाटून घेत नसे. खालून कुणीतरी टँकर आला म्हणून ओरडलं आणि म्हातारा आणि मालकीणबाई घागरी घेऊन पळाले. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच राहिला.

"तुम्ही बसवली?"

"फ्यूज सारखा जायचा. वाटलं, चांदी टिकंल."

"आणि आप्पा मला विचारत होते तेव्हा?"

"चांदी कुठनं आणली म्हणून विचारलं असतं त्यांनी."

"एक सिगारेट लपवायला मला पुढं केलं व्हय?"

"एक न्हाई," हे म्हणाले, "तेव्हा दोन-तीन व्हायच्या."

चेष्टा नव्हती ती. घाबरलेला माणूस खरं बोलतो तसं बोलले.

भांडण पोटात भरपूर होतं, पण अंगात बळ नव्हतं. सकाळपासून कचेरीचे जिने चढून-उतरून पाय सुजलेले. आणि ज्यांना सांगायचं ते आप्पा आता कुठं होते! मी माझा पेला प्याले. ह्यांनी आपला पुढं केला. तोही प्याले.

जिना उतरलो तर नणंद टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी. मला बघून नेहमीसारखी हसली. "काय वहिनी, इथल्याबी रेडिओचं पाणी पिलात का?"

ह्यांनी तिच्या हातातली घागर घेतली.

"घरचा रेडिओ तिनं न्हाई घालवला," रांगेतल्या लोकांदेखत म्हणाले. "मी जाळला. आप्पांच्या भ्यानं बोललो न्हाई."

नणंद त्यांच्याकडं बघतच राहिली. मग माझ्याकडं. तिचं हसू कुठल्या कुठं गेलं. हे घागर घेऊन बायांच्या मागं रांगेत उभे राहिले आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून घेतलं. पाय लई दुखत होते.